जिकडं पाहिलं तिकडं

तो आत आला तेव्हा त्याला काहीच दिसत नव्हतं.

बाहेर उणे तीस, आत आमची लोखंडी शेगडी तापून लाल झालेली. दार उघडल्याबरोबर त्याच्या चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या आणि तो उंबऱ्यातच थबकला. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात लाकडी अर्धगोल, त्याला दोरीनं लोंबणारं शिशाचं वजन.

"माफ करा," तो खुंटीकडं बघून अदबीनं म्हणाला, "सगळ्या गावाला पळायला लावणाऱ्या बाई आपणच का?"

"तो माझ्या आईचा कोट आहे," मी म्हटलं. "बाई इकडं आहे."

त्यानं चष्मा काढला, मफलरनं पुसायला लागला. चष्म्याविना त्याचे डोळे एकदम उघडे, बावरलेले वाटले. राखाडी होते. मी तेव्हा बावीस वर्षांची, कानाला टेलिफोनचा पट्टा लावून, हातात स्विचबोर्डाची दोरी धरून बसलेली... आणि ती कुठल्या भोकात घालायची हे मी विसरले. पलीकडून बोदनारांची येव्दोखामावशी "डारिया, अगं जोडतेस ना?" म्हणून ओरडत राहिली.

साल बासष्ट, फेब्रुवारी. व्हर्बा नावाचं आमचं गाव सस्कॅचवानच्या सपाट माळावर होतं. धान्याचं एक उंच कोठार, हिरव्या घुमटाचं चर्च, पोस्ट आणि टेलिफोन एक्स्चेंज. एक्स्चेंज म्हणजे एक खोली. मागच्या दोन खोल्यांत मी आणि आई राहत होतो. नोकरीबरोबर घर मिळायचं, त्यामुळं नोकरी गेली की घरही जाणार हे उघड होतं. आणि ती जायची वेळ आली होती.

झालं होतं असं. अकरा दिवसांपूर्वी, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, माझी खिडकी हिरवी झाली. शेगडीवरची किटली हिरवी, माझे हात हिरवे. एक भलामोठा दिवा आकाशातून तिरका आला, शेपूट सोडत गेला आणि कोठाराच्या मागं विझला. मला वाटलं, विमान जळून पडलं. आत माणसं असणार. अशा थंडीत माणूस तासभरही तग धरत नाही.

आमच्याकडं एक लांबलचक घंटी असे. घराघराची घंटी वेगळी, कुणाची दोन आखूड एक लांब, कुणाची तीन आखूड. पण एकच लांब, न थांबणारी घंटी वाजली की सगळ्यांनी रिसीव्हर उचलायचा. आग लागली, मूल हरवलं, वादळ येतंय, अशा वेळीच ती वाजवायची. मी ती वाजवली. तेवीस घरांनी रिसीव्हर उचलले. मी म्हटलं, "आकाशातून काहीतरी पडलंय. ज्यांनी पाहिलं असेल त्यांनी जिकडं पाहिलं तिकडं जा. घोंगड्या घेऊन जा."

सगळे गेले. घोडे जोडलेल्या घसरगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक. दहा वाजेपर्यंत शोधलं, कुणाला काही सापडलं नाही. येव्दोखामावशीच्या शेजारच्या घरात राहणारा तिचा दीर स्तेपान बोदनार, त्याचा कान गारठून काळा पडला. टेलिफोन मंडळाचे अध्यक्ष हारासिम लेस्युक यांचा नवाकोरा ट्रक ओढ्यातल्या बर्फात रुतला तो तीन दिवस निघाला नाही. मंडळाची बैठक बसली. लेस्युककाकांचं मत पडलं की रशियाचा उपग्रह पडला असेल तर डारियाचं बरोबर. पण ओटावाच्या साहेबांनी ही नुसती उल्का होती असं लिहून दिलं, तर रिकामी घंटी वाजवली म्हणून डारियानं खुर्ची सोडावी. खुर्चीवर कुणी बसायचं तेही ठरलं होतं. लेस्युककाकांची पुतणी.

आणि आता ओटावाचे साहेब माझ्यासमोर चष्मा पुसत उभे होते. पोलिसांकडं, विमानदळाकडं अनोळखी दिव्यांचे जेवढे कागद यायचे ते शेवटी यांच्या खात्यात येऊन पडायचे. नाव एवन टॉल्मी, वय सत्तावीस.

"तर काय होतं ते?" मी विचारलं.

"बहुतेक उल्का."

"तुम्ही अजून कोट काढला नाहीत. कुणाला काही विचारलं नाहीत."

"म्हणून तर 'बहुतेक' म्हणालो," तो म्हणाला. "कोट काढला की नक्की सांगतो."

मला हसू आलं, आणि त्याचा रागही आला.

त्याला युक्रेनियन येत नव्हतं आणि आमच्या म्हाताऱ्यांना इंग्रजी फक्त बाजारापुरतं. तेव्हा दुपारी बोर्डावर आईला बसवून मी त्याच्याबरोबर फिरायचं ठरलं. त्याची कामाची रीत साधी होती. माणसाला त्या संध्याकाळी होता तिथंच उभं करायचं आणि हात लांब करून दाखवायला सांगायचं. मग हा होकायंत्र लावून दिशा घ्यायचा, लाकडी अर्धगोल हाताला टेकवून उंची मोजायचा. अशा पाच-पंचवीस रेषा नकाशावर काढल्या की जिथं त्या मिळतात तिथं वस्तू.

पहिल्या दिवशी नऊ घरं झाली. प्रत्येक घरी बीटचं गरम सूप आणि बटाटे भरलेल्या, उकडलेल्या करंज्यांसारख्या पिरोही. नाही म्हणायची सोय नव्हती. येव्दोखामावशीनं तर त्याच्या ताटलीत सातवी पिरोही टाकत मला आमच्या भाषेत विचारलं, "लग्न झालंय का याचं?"

"काय म्हणतात त्या?" एवननं विचारलं.

"विचारतात, उल्का किती वेगानं येते."

"सेकंदाला वीस-तीस किलोमीटर."

मी मावशीला म्हटलं, "नाही झालेलं."

"एवढा विचार करून सांगितलं?" मावशी म्हणाली. "मग काहीतरी गडबड आहे. अजून एक वाढ त्याला."

संध्याकाळी एक्स्चेंजमध्ये टेबलावर त्यानं नकाशा पसरला, नऊ रेषा काढल्या आणि डोक्याला हात लावला. नऊच्या नऊ रेषा एकाच जागी मिळत होत्या. लेस्युककाकांच्या ओढ्यात, जिथं ट्रक रुतला होता तिथं.

"म्हणजे तिथं पडलंय," मी आशेनं म्हटलं.

"तिथं फक्त ट्रक पडलाय." त्यानं पेन्सिल ठेवली. "अकरा दिवस तुमचं गाव काय करत होतं, डारिया?"

काय करणार? फोनवर बोलत होतं. एका तारेवर आठ-आठ घरं, कुणाचीही घंटी वाजली तरी सगळे हळूच रिसीव्हर उचलून ऐकणार. एकानं ओढा म्हटलं, दुसऱ्यानं ओढा ऐकलं, अकरा दिवसांत साऱ्या गावाला आठवायला लागलं की आपणही ओढ्यातच पाहिलं होतं. कुणी खोटं बोलत नव्हतं.

"आणि ही चर्चा कोण जोडून देत होतं?" त्यानं चष्म्यावरून पाहिलं.

"माझं कामच आहे ते."

"दीड हजार मैलांवरून आलो मी," तो म्हणाला, "आणि साक्षीदार असे, की सगळ्यांचं एकमत."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बोदनारांच्या शेतावरून पायी परत येत होतो. वारा जमिनीलगत भुसभुशीत बर्फ उडवत होता. चालता चालता माझी नजर कुंपणापलीकडं गेली. रस्ता सोडून, शेतातून, घसरगाडीच्या दोन समांतर पट्ट्या सरळ उत्तरेकडं निघाल्या होत्या. आजूबाजूचा मोकळा बर्फ वाऱ्यानं नेला होता, पण गाडीखाली दाबला गेलेला टणक बर्फ तसाच राहिला होता, जमिनीवर उंचावलेला.

"ही स्तेपानची गाडी," मी म्हटलं. "त्या संध्याकाळची. एरवी त्या शेतात हिवाळ्यात कुणी कशाला जाईल?"

एवन थांबला. माझ्याकडं बघितलं, त्या पट्ट्यांकडं बघितलं. "स्तेपान काल म्हणाला ओढा. ओढा तर पूर्वेला आहे."

"पण त्या वेळी तो उत्तरेला गेला..."

"कारण त्या वेळी कुणी त्याला ओढा सांगितला नव्हता," तो अगदी हळू बोलला. "डारिया, घंटी वाजवल्यावर तुम्ही काय म्हणाला होतात? शब्द सांगा, नेमके."

"जिकडं पाहिलं तिकडं जा."

तो तिथंच बर्फात मटकन बसला आणि हसायला लागला. मला वाटलं सूप बाधलं.

पुढचे तीन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर दिवस आहेत असं मी आज म्हातारपणी निर्लज्जपणे सांगते. आम्ही माणसांना विचारणं सोडून दिलं. अंगणाअंगणातून निघालेल्या त्या संध्याकाळच्या वाटा शोधायच्या आणि त्यांची पहिली शंभर पावलं मोजायची, माणूस अजून बिचकलेला नाही, भरकटलेला नाही, दिसलं तिकडं धावतोय तेवढीच. एवन अंगणात होकायंत्र घेऊन उभा राही. मी त्या वाटेवरच, शंभर पावलांवर, लाल रुमाल डोक्याला बांधून. होकायंत्राच्या फटीतून त्याला माझ्यावर नेम धरावा लागे.

"जरा डावीकडं."

मी डावीकडं सरके.

"आता उजवीकडं... थोडं."

"एवढं?"

"एवढं."

"झालं का लिहून?"

"नाही. अजून जरा बघू दे."

"होकायंत्राला इतका वेळ लागतो?"

"होकायंत्राचं केव्हाच झालंय," तो ओरडून सांगे. त्या मोकळ्या माळावर त्याचा आवाज मैलभर जात असावा, कारण येव्दोखामावशीच्या खिडकीचा पडदा दर वेळी हलायचा.

माझे हात गारठले की तो स्वतःचे मोठाले हातमोजे माझ्या हातमोज्यांवर चढवी आणि स्वतः बोटं काखेत घालून उभा राही. मग त्याला पेन्सिल धरता येत नसे, आकडे मीच लिहून घेई. तिसऱ्या दिवसापर्यंत आमचं अहो-जाहो त्या बर्फातच कुठंतरी पडून राहिलं होतं. तो ओटावातल्या आपल्या खोलीबद्दल सांगे. कपाटं भरून लोकांची पत्रं. कुणाला तबकडी दिसलेली, कुणाला मेलेला नवरा, आणि प्रत्येकाला ती वस्तू अगदी शेजाऱ्याच्या गोठ्यामागं पडलेली.

"नेहमी?" मी विचारलं.

"नेहमी. इतकं लख्ख दिसलं की माणसाला ते जवळच वाटतं. शंभर मैलांवर असतं."

शेवटच्या संध्याकाळी चौदा वाटांच्या चौदा रेषा नकाशावर चढल्या. मी टेबलावर ओणवून पाहत होते. रेषा कुठंच मिळेनात. चौदाच्या चौदा एकमेकींच्या शेजारून उत्तरेकडं चालल्या, व्हर्बाच्या बाहेर, जिल्ह्याच्या बाहेर, नकाशाच्या कडेपर्यंत. मग एवननं दुसरा नकाशा जोडला आणि पश्चिमेकडच्या एका पोलीस ठाण्यातून आलेली रेषा ओढली. ती आमच्या रेषांना दीडशे मैलांवर छेदून गेली, जिथं नुसती तळी आहेत आणि एकही माणूस नाही.

"उल्का," तो म्हणाला. आवाजात आनंद होता. मग त्यानं वर पाहिलं आणि तो आनंद मावळला.

आई बोर्डासमोरून उठून आली. तिनं नकाशाकडं पाहिलंसुद्धा नाही. "बाळा," ती आपल्या मोडक्या इंग्रजीत त्याला म्हणाली, "काय होतं ते समजलं नाही, असं लिहिता येत नाही का? तुमच्याकडं तसंही लिहितात ना कधी?"

"लिहितात," एवन म्हणाला. "खरंच समजलं नसेल तेव्हा."

त्या क्षणी मी त्याच्यावर इतकी चिडले की बस. तो खरं बोलतोय हे कळत होतं, म्हणून जास्त. "तुझा चौदा रेषांचा कागद झाला," मी म्हटलं. "आमचं घर गेलं. तुझ्यासाठी तो दीडशे मैलांवरचा दगड आहे, एवन. माझ्यासाठी तो याच खोलीत पडलाय."

"डारिया..."

"तुझी गाडी सकाळी साडेसातला आहे. झोप नीट."

तो गेला. टेबलावर त्याचे मोठाले हातमोजे राहिले. ते परत द्यायला मी स्टेशनवर गेले नाही. साडेसातच्या गाडीची शिट्टी ऐकली आणि हातमोजे उशीखाली घातले. हा मूर्खपणा आईनं बघितला.

सोळा दिवस गेले. गुरुवारी रात्री मंडळाची बैठक होती. त्याच गुरुवारी दुपारी, मी खोक्यांत कपबशा भरत असताना, बोर्डावर बाहेरगावची खूण पडली.

"व्हर्बा एक्स्चेंज."

"ओटावाहून ट्रंक कॉल, श्री. हारासिम लेस्युक यांच्यासाठी," दूरची ऑपरेटर म्हणाली. आणि मग तिच्यामागून तोच आवाज, "नमस्कार, व्हर्बा."

मी नियमाप्रमाणं "जोडते" म्हटलं. लेस्युकांची दोन लांब, एक आखूड घंटी वाजवली. लांबचा कॉल असला की तार नीट आहे का हे ऑपरेटरनं ऐकत राहायचं असतं. हाही नियमच. काकांनी रिसीव्हर उचलला. पाठोपाठ खट्... खट्... खट्... साऱ्या तारेवरचे रिसीव्हर उचलले जाऊ लागले. शिवाय माझ्या हातांनी दोन शेजारच्या तारा कधी जोडल्या ते मला आठवत नाही. आठवत नाही असंच मी मंडळालाही सांगितलं.

"लेस्युकसाहेब, पत्र पाठवलंय, पण ते बैठकीच्या आधी पोचणार नाही म्हणून वाचून दाखवतो," एवन म्हणाला. "सदर प्रकाश ही उल्का होती..."

मी हातातली कपबशी खोक्यात ठेवली.

"बघा," काका म्हणाले. "म्हणजे घंटी रिकामी."

"पुढं वाचू द्या. 'या देशात उल्केचा मार्ग इतक्या अचूकपणे आजवर आमच्या खात्याला कधीच काढता आलेला नाही. साक्षीदारांची आठवण काही दिवसांत बदलते. व्हर्बा इथं मात्र ऑपरेटर कुमारी कोस्तिन्युक यांनी मिनिटाची नोंद ठेवून पहिल्या मिनिटातच घंटी दिली, आणि कुठं जा हे न सांगता ज्यानं त्यानं जिकडं पाहिलं तिकडं जावं असं सांगितलं. अशी सूचना आम्हाला स्वतःला सुचली नव्हती. ती यापुढं सर्व ठाण्यांना पाठवली जाईल.' खाली माझ्या वरिष्ठांची सही आहे. आणि खरंच विमान असतं, लेस्युकसाहेब, तर त्या घंटीनं माणसं वाचली असती."

काका खाकरले. "सगळ्या ठाण्यांना? व्हर्बाचं नाव घालून?"

"नाव घालून."

"मग... तसं असेल तर... पण माझ्या ट्रकचं काय?"

"तुमचा ट्रक नकाशावर आहे. पंधराव्या क्रमांकावर. फक्त तो एकटाच पूर्वेला गेलाय."

कुणीतरी खुदकन हसलं. पाठोपाठ दहा-बारा जण हसले. काकाही हसले, नाइलाजानं. "राहू दे पोरीला खुर्चीवर," ते म्हणाले, "बैठकीत मी सांगतो." आणि रिसीव्हर ठेवला.

बाकी कुणी ठेवला नाही.

"ऑपरेटर," एवन म्हणाला, "लाइनवर आहेस?"

"आहे."

"मला एक गोष्ट..." पण खट्, खट्, अजून रिसीव्हर उचलले गेले. जितके कान जास्त तितका आमच्या तारेवरचा आवाज बारीक व्हायचा. तो बोलत होता आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं, दीड हजार मैलांवरून येणारी नुसती कुजबुज. तेवढ्या एका क्षणात मला कळलं की ती कुजबुज हरवली तर मला खुर्ची नको, घर नको, काहीच नको.

"सगळ्यांनी रिसीव्हर ठेवा," मी म्हटलं. "कृपा करा. ओटावा ऐकू येत नाहीये."

खट्. तो स्तेपान, त्याचा हुक सैल होता. खट्, चर्चचे पाद्री. खट्, खट्... एकेक करत, काकांचा धरून, बावीस. प्रत्येक आवाजासरशी तो जवळ येत गेला, शेवटी इतका की माझ्या कानाशीच उभा असावा.

"आता येतंय ऐकू?"

"येतंय."

"मी काय म्हणत होतो... एप्रिलमध्ये मी व्हर्बाला येतोय."

"एप्रिलमध्ये बर्फ वितळतो, एवन. वाटा राहणार नाहीत. काय मोजणार?"

"काही नाही."

"मग कशाला येतोस?"

तारेत वारा घुमत होता.

"मी लोकांना सांगत असतो ना, की जवळ वाटतं ते लांब असतं... माझं उलटं झालंय, डारिया. गाडीत बसलो तेव्हा वाटलं, लांब राहिलं सगळं. घरी पोचलो तर तू तिथंच. लाल रुमाल बांधून, शंभर पावलांवर. जिकडं बघावं तिकडं." मग हळूच म्हणाला, "तूच सांगितलं होतंस. जिकडं पाहिलं तिकडं जा."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी बोर्डावरच्या पितळी भोकांकडं बघत होते. बोलायला तोंड उघडलं, शब्द फुटेना. तेवढ्यात, अगदी जवळून, तेविसावा रिसीव्हर बोलला.

"हो म्हण गं पोरी," येव्दोखामावशी म्हणाली. "माझं पीठ मळायचं राहिलंय."

"हो," मी म्हटलं.

"कुणाला म्हणालीस?" एवननं विचारलं. "त्यांना की मला?"

"तुला. येताना हातमोजे आणू नकोस. इथं आहेत तुझे."

खट्. मावशीनं रिसीव्हर ठेवला, आणि मग तारेवर आम्ही दोघंच उरलो.